घंटीचा खिसा

माणसाला पाय दोनच असतात, ही गोष्ट लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर मला आमच्या ह्यांना समजावून सांगावी लागली.

हे जंगलखात्यात कारकून आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रातले ड्रमवाले. ड्रमला पायानं दाबायचे पेडल मुळात दोन. उजव्या पायाखाली ढोलाचा, डाव्या पायाखाली झांजेचा. झालं की! पण कामठ्याला माझ्या भावाच्या पोरीचं लग्न निघालं, ऑर्केस्ट्रा आमचाच ठरला, आणि ह्यांच्या अंगात आलं. मला घेऊन थेट गोंदियाच्या दुकानात! तिथं हे एकेका पेडलवर पाय ठेवून डोळे मिटत होते, जशी काही चप्पल घेऊन राहिले!

"भाभीजी, घंटीवाला आजकल बहुत चल रहा है," दुकानदार म्हणाला.

"चल रहा है तो चलने दो," मी म्हटलं, "हमारे घर काऊन आना मंगता?"

आला! घंटीचा एक, आणि ढोलासाठी आणखी एक. (माझ्या शिलाईच्या पायमशीनीला बिचारीला एकच पायटा. त्याच्यावर मी दोन पोरी शिकवल्या.)

"पाय दोन, पेडल चार! म्हशीलेच बसवा ना ड्रमवर!"

"तुले संगीतातलं समजत नाही," हे म्हणाले.

मग आमच्या नवेगाव बांधच्या घरात, समोरच्या खोलीत, आठ दिवस मांडामांड. घंटी डावीकडं ठेवली की झांज भिंतीला लागे. मधात ठेवली की ह्यांची टाच अडके. त्यात फरशी गुळगुळीत! एक टोला मारला की पेडल सरकत सरकत दिवाणाखाली, आणि त्याच्यामागं हे पोटावर. ब्लाऊज न्यायला आलेल्या बायकांना दारातून दिसत काय, तर फक्त ह्यांचे तळपाय!

माझं डोकं फिरलं. कामठ्याला माझी भावजय! आमच्याकडचा एक टाका उसवला तर ती तो वर्षभर पुरवून पुरवून सांगते. तिच्या मांडवात ह्यांचे पेडल पळाले असते, तर मला माहेरी तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"उठा! सरका! मीच करतो आता," मी ओरडले. सतरंजी अंथरली, ह्यांना स्टुलावर बसवलं, पँटीचं माप घ्यावं तसं पायाचं माप घेतलं आणि टेलरच्या खडूनं खुणा केल्या. झांज अगदी डाव्या टोकाला, मधात दोन ढोलाचे, घंटी अगदी उजव्या टोकाला. मग सतरंजी पलटवून त्या खुणांवर कॅनव्हासचे चार खिसे शिवले, ज्याच्या त्याच्या मापाचे. दोन सुया मोडल्या, पण खिसे असे घट्ट की पेडलच्या बापाची हिंमत नाही हलायची!

लग्नाच्या दिवशी हे जावई म्हणून टिळा लावून घेत बसले, म्हणून ऑर्केस्ट्रातल्या लोकांकडून खिशांप्रमाणं पेडल मीच लावून घेतले. हे येऊन बसले आणि दचकले.

"अवं, झांज उजवीकडं कायले?"

"खिशांप्रमाणं आहे! बसा गुमान, मुहूर्त टळून राहिला!"

प्रत्येक 'सावधान'ला एक हलकी झांज, एवढंच ठरलं होतं. पहिलं 'सावधान' झालं. चोवीस वर्षांच्या सवयीनं ह्यांचा डावा पाय पडला, झांज वाजेना म्हणून पुन्हा पुन्हा पडला...

टण! टण! टण!

"उठा रे, पंगत बसली!" मागून कोणीतरी ओरडलं. आमच्याकडं पंगतीला बोलवायला घंटीच वाजवतात. झालं! अख्खा मांडव उठला. म्हातारेकोतारे, लेकरं, नवरदेवाचा मामासुद्धा (हातातला अंतरपाट भटजीकडं देऊन!) जेवणाकडं पळाले. ते पाहून हे घाबरले आणि आणखी जोरानं दाबू लागले. टण टण टण! आचारी धावत आला, "अजून भात शिजून राहिला, घंटी कोन वाजवली?"

माझा भाऊ मूठभर अक्षदा घेऊन एकटाच उभा. "अवो बाई, पोरीवर अक्षदा टाकाले मानूस नाही उरला!"

भावजय गोड आवाजात म्हणाली, "बाई, घंटी तुमच्याच घरची ना?"

मी तरातरा स्टेजवर चढले. "अजी, डावं-उजवं तरी समजते का तुमाले? माह्या माहेरात माही इज्जत घालवली!"

ह्यांनी वाकून झांजेच्या पेडलखालची, उजव्या हाताची सतरंजीची कड तेवढी उलटवली. खाली माझ्याच अक्षरात, टेलरच्या खडूनं लिहिलेलं: 'डावा'.

तीस वर्षं ब्लाऊज शिवते मी. कापडावर खूण करायची ती नेहमी उलट बाजूनं. सवयीनं सतरंजीवरही खुणा उलट बाजूनं केल्या आणि खिसे सुलट बाजूनं शिवले! सगळं आरशासारखं फिरलं. मेल्या पट्ट्यांच्या सतरंजीला दोन्ही बाजू सारख्याच, कोणाच्या लक्षात यावं?

नवरानवरीवर अक्षदा शेवटी आम्ही पाच माणसांनीच टाकल्या. भावजय त्याच दिवशी, मला शिवायला दिलेलं ब्लाऊजचं कापड माझ्या पिशवीतून गुपचूप काढून घेऊन गेली.

ह्यांनी चारही पेडल सुलट लावले आणि आजही वाजवतात. आणि माझ्याकडून ब्लाऊज नेणारी प्रत्येक बाई आधी दोन्ही बाह्या हातात धरून डावी-उजवी तपासते, मग ब्लाऊज कानाजवळ नेऊन हलवून पाहते!