कोनता डाग काढाचा
माह्या पोरींचा बाप फोटूले लय भ्याय. फोटू काढला का मानूस लवकर जाते, असं त्याच्या मायनं त्याच्या डोक्यात भरवलं होतं. आमच्या बेला गावाकडं तवा लय जन असंच म्हनत. मोठी पोरगी शायेत मास्तरीन झाली आन तिनं पगारातून रीळवाला कॅमेरा घेतला. शायेतले लेकरं, माही चूल, शेजारनीची म्हैस, जे दिसन ते काढे. बाप मातर बैलबंडीमागं लपे.

पोरगी म्हने, "बाबा, तुमच्यापेक्षा म्हैस शानी. उभी तरी राह्यते."

तो म्हने, "म्हशीले कुठं पोरी उजवाच्या हायेत?"

एका सुगीत आदिलाबादच्या जिनिंगवर तो कापसाची बंडी खाली करून राह्यला होता. बंडी दुसऱ्याची, कापूसही दुसऱ्याचाच. पोरीनं मागून "बाबा" म्हन्लं, त्यानं मान फिरवली आन तिनं बटन दाबलं. मिशीत कापूस, भिवयांवर कापूस. तेवढा एकच फोटू त्याचा.

दोन वर्सानं तो तापानं गेला. दवाखान्यात नेला तवा बोलत होता, तिसऱ्या दिवशी नाई बोलला. तेरवी झाली आन मी कापूस वेचनीले गेली. घरात बसून का केलं असतं? धाकटी अजून शिकून राह्यली होती. बोटं फाटत, त्याले तेल लावो. निभलं.

फोटू पेटीत होता. एका पावसाळ्यात टीनातून पानी टपकलं, पेटीत ओल गेली. रिळाची पट्टी चिकटून खराब झाली आन फोटूवर पांढरे ठिपके आले. तोंडावरच जास्त.

मंग धाकटीचं लग्न जमलं. आमच्या घरची रीत हाय, बाप नसला तर मांडवात त्याचा फोटू पाटावर ठेवाचा आन पयली हयद त्याले लावाची. असा डागाळलेला फोटू कसा ठेवाचा? मोठी म्हने, "माय, आदिलाबादले एका स्टुडिओत कंप्यूटर आला हाय. जुना फोटू नवा करते."

आमी दोघी गेलो. स्टुडिओवाला तेलगू मानूस, आमच्यासंगं हिंदीत बोले. त्यानं फोटू मशीनवर पालथा ठेवला आन तो टीव्हीवानी पडद्यावर आला. येवढा मोठा, येवढ्या जवयून म्या त्याले जिता होता तवाही पाह्यला नोता.

"अम्मा, दो सॉफ्टवेअर हैं. कौनसा करूँ?"

मले का समजते त्यातलं. पोरीनं इचारून सांगतलं. एक बटनाचा, एका झटक्यात सारे डाग काढते, वरून कोट-टाय घालते, मागं धबधबा पाह्यजे तर तोही देते. दुसरा हातानं कराचा, एक एक ठिपका धरून. त्याले सारा दिवस लागते.

म्या म्हन्लं, "बटनाचा दाखव."

त्यानं दाबलं. ठिपके गेले. मिशी कायीभोर, तोंड गुळगुळीत. पोरगी खुश झाली, "माय, किती छान दिसून राह्यले बाबा!"

स्टुडिओवाला म्हने, "देखो, दूल्हा बन गया!"

म्या म्हन्लं, "हा कोनाचा नवरा होये?"

म्या पडद्यावर त्याच्या मिशीले बोट लावलं.

"त्याचा कापूस काऊन काढला?"

"कापूस? अम्मा, वो फंगस है."

"अर्धी ओल होये, अर्धा कापूस होये. पयले होता तसा कर."

त्यानं केला. मंग म्या इचारलं, "दुसऱ्यात मी थांब म्हन्लं का थांबता येते?" येते म्हने. "तर मंग तोच."

मी स्टुलावर बसली. ओलीचा ठिपका गोल राह्यते, कडेनं पिवळट. कापसाले शेपटी राह्यते. जलमभर वेचला, मले कोनी सांगाले नाई लागत. तो पडद्यावरचा बान ठिपक्यावर नेऊन इचारे, "ये?" "काढ." "ये?" "राहू दे, कापूस होये." थोड्या येळानं तो सोताच म्हने, "ये कापूस." पासपोर्ट फोटूवाले गिऱ्हाइक येऊन खोळंबले. एक जन म्हने, "बुढी मशीन चालवून राह्यली का?"

म्या म्हन्लं, "मशीन तो चालवते. त्याले मी चालवून राह्यली."

पोरीनं डबा आनला, म्या स्टुलावरच भाकर खाल्ली.

दुपार कलली तवा एकच ठिपका राह्यला. डाव्या डोयाखाली. धड गोल नाई, धड लांब नाई. स्टुडिओवाल्यानं तो लाडवायेवढा करून दाखवला. पोरगी म्हने ओल हाय. म्या लय येळ पाह्यलं. त्या दिवशी मी जिनिंगवर नोती, मले का मालूम. काढला आन कापूस निंघाला तर?

"राहू दे," म्या म्हन्लं.

मांडवात फोटू पाटावर ठेवला. धाकटीनं हयद लावली. व्याही वाकून पाहे आन हासे, "विहीनबाई, फोटू काढाच्या आंधी तोंड पुसाले येळ नाई भेटला का आमच्या व्याह्याले?"

म्या म्हन्लं, "नाई भेटला. कामावर होता."