अकरा गुंठे खराब

“तू प्लॉट घेतलास तर शेजारचा कोण घेणार?”

मालक असं म्हणाले. रागानं नाही. चहा बशीत ओतून, त्यावर फुंकर मारत म्हणाले. साइट ऑफिसच्या पत्र्याखाली आम्ही दोघंच होतो. मी चौदा नंबरचा प्लॉट मागितला होता. फुकट नाही. पगारातनं हप्त्यानं कापून घ्या म्हटलं होतं. तीन वर्षं मी त्यांच्याकडं प्लॉट विकत होतो. निम्मा ले-आउट माझ्या तोंडानं विकला गेला होता.

“मला तसं काय वाटत न्हाय रं,” ते पुढं म्हणाले. “पण गिऱ्हाईक इचारतंय. शेजारी कोण, हे पयलं इचारतंय. तुला म्हायीत हाय की.”

मला माहीत होतं. त्या प्रश्नाचं उत्तर रोज मीच देत होतो. गाडीतनं उतरलेली माणसं रस्त्याची रुंदी विचारायची, पाण्याचं विचारायची, आणि मग आवाज बारीक करून म्हणायची, इथं लोक कसले आहेत? मी म्हणायचो, सगळे चांगले. मास्तर, वकील, बँकेतले. त्यांना कळायचं. मला माझं आडनाव मात्र कुणी विचारायचं नाही. माझ्या कार्डावर नुसतं नाव होतं. आडनाव मालकांनीच काढायला लावलं होतं. कार्ड सुटसुटीत दिसतं म्हणाले होते.

मी कपबशी उचलली आणि बाहेर आलो. दुपारी सदलग्याहून एक निवृत्त शिक्षक प्लॉट बघायला येणार होते. मालकांनी आतनं हाक मारून सांगितलं, त्यांना चौदा नंबर दाखव.

मी दाखवला.

चौदा नंबर मला का पाहिजे होता, ते मी मालकांना सांगितलं नव्हतं. सांगायची छाती झाली नव्हती. त्या प्लॉटखाली माझे आप्पा होते.

आमचं गाव निपाणी आणि कोगनोळीच्या मधे, हायवेला लागून. आम्ही बौद्ध. गावाच्या तोंडात अजून महारच. आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. पोती वाहून पाठ गेली, तंबाखूची धूळ ओढून छाती गेली. मी नऊ वर्षांचा असताना ते वारले. आमच्यात पुरतात. गावच्या मसणात आम्हाला जागा नव्हती. आमची वेगळी. ओढ्याच्या काठाला, करंजाच्या चार झाडांखाली. माझा आजा तिथं. पणजा तिथं. बाळंतपणात गेलेली थोरली चुलती आणि तिचं पोर तिथं. प्रत्येकाच्या डोक्याशी एक दगड. एकाही दगडावर नाव नव्हतं. पण कुठला दगड कुणाचा, ते आईला पाठ होतं. अवसेला ती जायची. दगडावरचा पालापाचोळा हातानं काढायची आणि परत यायची.

भोवतीची सगळी जमीन मालकांच्या घराण्याची. आधी तंबाखू, नंतर ऊस. मग हायवे रुंद झाला आणि त्या जमिनीत ऊस लावणं वेडेपणाचं ठरलं.

मी निपाणीच्या कॉलेजात बी.कॉम. झालो होतो. शाळा कन्नड, घर मराठी. दोन्ही लिहिता-वाचता येत होतं, हिंदी बोलता येत होती. नोकरी मिळत नव्हती. तेव्हा मालक स्वतः आमच्या महारवाड्यात आले. उंबऱ्याबाहेर उभं राहून आईला म्हणाले, पोरगं हुशार हाय, माझ्याकडं पाठव. आई दोन दिवस दारोदार सांगत फिरत होती. एवढा मोठा माणूस घरी आलता म्हणून.

मी काम मनापासून शिकलो. उतारा कसा वाचायचा, एन.ए. म्हणजे काय, कुठला रस्ता पुढं कुठं निघणार. गिऱ्हाइकाला म्हणायचो, पैसा एका वर्षात नाही, दहा वर्षांत होतो. घ्या आणि विसरून जा. जमीन पोरांच्या शिक्षणाला उभी राहील. म्हातारपणी भाडं देईल. सोनं चोरीला जातं, जमीन कुणी उचलून नेत नाही.

हे मी खोटं बोलत नव्हतो. माझाही विश्वास होता. बेळगावहून येणारी माणसं मी बघत होतो. आजोबांनी वडगावात घेऊन ठेवलेली जागा, वडिलांनी टिळकवाडीत बांधलेलं घर, त्याच्या भाड्यावर तिसरी पिढी चौथा प्लॉट घ्यायला आलेली. त्यांच्यातले पुष्कळजण माझ्याएवढेच शिकलेले. फरक इतकाच की त्यांच्या पायाखाली जमीन होती आणि ती कुणीतरी पन्नास वर्षं धरून ठेवली होती. मलाही तसंच धरून ठेवायचं होतं. आपल्या पोरांसाठी एक तुकडा.

ओढ्याकाठचं सपाटीकरण निघालं तेव्हा मालकांनी मला तिथं उभं केलं. जेसीबी आला. चालवणारा हुक्केरीकडचा, कन्नड बोलणारा. त्यानं आधी करंजाची झाडं पाडली. मग दगडांपाशी थांबला. खाली उतरला. त्याला काहीतरी उमगलं असणार. डोक्याचा टॉवेल काढून त्यानं मला विचारलं, हे दगड कुठं टाकू?

मी कागदाकडं बघत होतो. नकाशाच्या कागदाकडं.

“हळ्ळदाग हाकु,” मी म्हटलं. ओढ्यात टाक.

हे मीच म्हटलं. मालक तिथं नव्हते. कुणी माझ्या गळ्यावर पाय दिला नव्हता. एकोणीस दगड होते. मी मोजले नव्हते, पण एकेक पडल्याचा आवाज मोजला गेला. सातवा की आठवा आप्पांचा होता. नक्की सांगता येत नाही. मी मान वर केली नाही.

त्यानंतर मी चौदा नंबरात पाय ठेवला नाही. गिऱ्हाईक आत जाऊन फिरायचं, पावलं टाकून लांबी मोजायचं, मी रस्त्यावर उभा. कुणी म्हटलं, या की आत, तर म्हणायचो, बूट चिखलाचे होतील. उन्हाळ्यातही म्हणायचो. दुपारी ऑफिसात एकटा असलो की खोकला ऐकू यायचा. वखारीतनं आलेल्या माणसाचा तो खोकला मला पक्का ओळखीचा. बाहेर येऊन बघावं तर हायवेवरचे ट्रक आणि चुन्याच्या पांढऱ्या रेघा.

अवस आली. आई गेली आणि लगेच परत आली. चुलीपुढं बसली. मी जेवत होतो. ती मला म्हणाली,

“आप्पास्नी कुठं हालवलास रं?”

एवढंच. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिला खरंच वाटलं होतं की मी त्यांना दुसरीकडं नेऊन नीट ठेवलं असणार. शिकलेला पोरगा, मालकाचा उजवा हात. तेवढं तर केलंच असणार. मी पाणी प्यालो आणि हात धुवायला उठलो. पुढं कितीतरी दिवस ती माझ्या तोंडाकडं बघत होती. उत्तराची वाट बघत होती.

म्हणून मी चौदा नंबर मागितला. विकतच घेऊन टाकावा, कुंपण घालून मोकळा ठेवावा, असं माझ्या डोक्यात होतं. बापाची जागा पैसे देऊन सोडवता येईल असं मला वाटलं होतं. आणि त्यावर मालक म्हणाले, शेजारचा कोण घेणार.

सदलग्याच्या सरांना प्लॉट पसंत पडला. निवृत्तीचे पैसे त्यांनी त्यात घातले. मुलगा पुण्यात, पुढंमागं इकडं बंगला बांधेल म्हणाले. थोडं कर्ज काढायचं होतं, त्यासाठी बँकेनं जुने कागद मागितले. ते आणायला मी तालुक्याच्या कचेरीत गेलो.

आमच्याकडचे जुने कागद मराठीत, नंतरचे कन्नडमध्ये. मालकांच्या उताऱ्यावर खराब जमिनीच्या रकान्यात अकरा गुंठे लिहिलेले होते. मी तो आकडा रोज बघत होतो. गिऱ्हाइकाला सांगत होतो, तो ओढा. मालकांनी मला तसंच शिकवलं होतं. त्या दिवशी जुना कागद हातात आला. पिवळा, कोपरे मोडलेला. त्यावर शाईनं लिहिलं होतं: खराब, अकरा गुंठे, महार लोकांची मसणवट.

खराब दोन तऱ्हेची असते. एक नापीक. दुसरी लोकांच्या उपयोगाची, म्हणजे रस्ता, ओढा, मसणवट. ही दुसरी कुणाच्या मालकीची नसते. विकताच येत नाही. हे मी शंभर गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं असेल.

मी तिथंच बाकावर बसलो. आम्हाला गावानं कधी एक गुंठा दिला नाही असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. अकरा गुंठे होते. सरकारी कागदावर होते. आमच्या चार पिढ्या त्या जमिनीत गेल्या होत्या आणि तिची राखण करू शकेल असा पहिला शिकलेला माणूस मी. तो मी तिचे भाव सांगत उभा होतो.

नक्कल घेऊन मी मालकांकडं गेलो. त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. आश्चर्य वाटल्याचं सोंगसुद्धा केलं नाही.

“म्हायीत हाय मला,” ते म्हणाले. “आमच्या वडिलांच्या येळेपास्नं म्हायीत हाय.”

मी म्हटलं, मग?

“मग काय? तुझ्यासारखी बी.कॉम. झालेली पोरं निपाणीत कमी हायत व्हय? तुमच्यातलाच माणूस पुढं उभा केला की वाड्यातनं कोण तोंड उघडत न्हाय. त्याच्यासाठीच तर तुला घेतला.”

उंबऱ्याबाहेर उभे राहिलेले मालक मला दिसले. दारोदार सांगत फिरणारी आई दिसली. माझी हुशारी, माझ्या तीन भाषा, माझं कार्ड. त्यातलं काहीच त्यांनी घेतलं नव्हतं. त्यांनी माझी जात कामाला लावली होती. लपवायलाही तीच आणि वापरायलाही तीच.

गेटची किल्ली माझ्याकडं असायची. ती मी टेबलावर ठेवली. ते म्हणाले, बस, चहा सांगतो. मी म्हटलं, न्हाय. त्या ऑफिसात मी हा शब्द त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा उच्चारला. आवाज फाटका निघाला. पण निघाला.

दुसऱ्या दिवशी मी सदलग्याला गेलो. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना आपण फसवलं, हे त्यांच्या घरात जाऊन सांगणं भाग होतं. मी कागद दाखवला. माझे वडील तिथं आहेत हेही सांगितलं. सरांच्या बायकोनं आणलेलं पाणी मी हातात धरून बसलो होतो. मग सर अगदी मायेनं म्हणाले,

“स्मशानाचं एक वेळ चालतं रे. शांती करून घेता येते. पण तुमच्या लोकांचं आहे, हे तू आधी सांगायला पाहिजे होतंस.”

मी पाणी न पिता तांब्या खाली ठेवला. पैसे परत मागायला हा कागद तुम्हाला उपयोगी पडेल, असं म्हणून एक प्रत त्यांच्यापुढं ठेवली आणि निघालो. सदलगा स्टँडवर एस.टी. येईपर्यंत मी उभाच होतो. बसावंसं वाटेना. मालक आणि सर. एकानं चहावर फुंकर मारत सांगितलं, दुसऱ्यानं मायेनं. सांगितलं एकच.

तक्रार मी तालुक्याच्या कचेरीत दिली. कन्नडमध्ये, स्वतःच्या हातानं लिहून. वाड्यातले निम्मे लोक माझ्याशी बोलत नाहीत. एवढे दिवस त्याचं खाल्लास तेव्हा कुठं होतास, असं विचारतात. बरोबर विचारतात. चौघंजण सह्या करायला पुढं आले. आईनं अंगठा दिला. त्या दिवशी मी तिला ओढ्याचं सांगितलं. मी तिच्या हाताला लागलेली शाई पुसायला गेलो, तर तिनं हात मागं घेतला.

मागच्या महिन्यात मालकांचा मेहुणा घरी आला. तक्रार मागं घेतली तर हायवेला लागून पहिल्या ओळीतला प्लॉट, माझ्या नावावर, खरेदीपत्रासकट. दहा वर्षांत त्याचं काय होईल ते तुलाच कळतंय, म्हणाला. मला कळत होतं. हिशेब तोंडपाठ होता. माझ्या पोरांचं आयुष्य त्या एका सहीत बदललं असतं.

मी म्हटलं, “अकरा गुंठे सोडा. माझ्या नावावर नकोत. कागदावर हायत तसे.”

तो उठून गेला. जाताना म्हणाला, जिंकलास तरी तुझा बाप कुठला आणि आजा कुठला हे कळणार हाय का तुला?

नाही कळणार. ते तो खरं बोलला. जेसीबीनं माती दोन-दोन फूट इकडची तिकडं केली आहे. आता आईलाही ओळखता येणार नाही. खोकला अजून ऐकू येतो, आता घरातही येतो.

पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. मालकांचं म्हणणं असं की तिथं कधी दगड नव्हतेच, कुणाला पुरलंच नव्हतं. आमचे वकील म्हणतात, जुन्या कागदाबद्दल तेवढं बोल, दगड टाकायला तूच सांगितलंस हे तोंडातनं काढू नकोस. तूच आरोपी होशील.

होईन. ते दगड पडले तेव्हा तिथं असलेला आणि तसं कागदावर लिहून देणारा माणूस मी एकटा आहे. एकोणीस होते. मी ओढ्यात टाकायला लावले. हे मी उभं राहून सांगणार आहे, मालकांच्या समोर, माझ्या आईच्या समोर, आणि ते लिहून घेतल्यावर खाली सही करणार आहे.