तापानं गेलेली माणसं

समोर कुणीही येऊन बसलं की आसेगावची रुखमाआत्या आधी त्याचं गोत काढायची आणि पाच मिनिटांत त्याला आमचा पाहुणा करून टाकायची. सोयरिकी जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मेलेल्यांबद्दल मात्र तिचं उत्तर ठरलेलं होतं, "तापानं गेला." आजोबा तापानं, मोठे काकाही तापानं. आमच्या खानदानाला दुसरा रोग जणू ठाऊकच नव्हता. "मेल्याचं पांघरूण काहाडू नये. पोरी उजवायच्या हायेत," असं ती म्हणायची.

मला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला होता?" आम्ही एका सुरात नाही म्हणालो. भाऊ आणि बहीण, दोघांचाही बोन मॅरो माझ्याशी जुळत होता. भाऊ पैलवान गडी, म्हणून त्याचाच घ्यायचं ठरत होतं.

आत्या स्टुलावर बसली होती. तिच्या नातीची, पूजाची, शेलूबाजारला बोलणी चालली होती. ती उठली.

"बाई, हे खोटं सांगून राह्यले. मीच शिकवलं त्याइले. माहा बाप, माहा मोठा भाऊ, दोघंबी याच बिमारीनं गेले. अंगावर निळे डाग पडत. ह्या पैलवानालेबी लहानपणापासून तसेच पडतात."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, असा दोष पिढीतून उतरू शकतो. असला म्हणजे आजार होतोच असं नाही, पण मॅरो त्याचा नको. तपासण्या झाल्या. दोष पैलवानात निघाला, बहिणीत नाही. बहिणीने दिलेल्या मॅरोवर मी आज चार वर्षं हिंडतो आहे. भाऊ वेळच्या वेळी रक्त तपासून घेतो आणि अजून धडधाकट आहे. पुढे आत्याने स्वतःचं आणि पूजाचंही रक्त तपासून घेतलं. तिच्या सुनेने, पूजाच्या आईने, मात्र महिनाभर तिच्याशी अबोला धरला.

शेलूबाजारची मंडळी आली तेव्हा मी तिथेच होतो. चहा हातात यायच्या आत आत्या म्हणाली, "पूजाले इचारूनच सांगून राह्यली. पोरीत रक्ताचा दोष हाये, बिमारी नाही. दोष माह्यातबी हाये, अन् मी पंच्याहत्तरीत तुमच्यासमोर उभी हाये. पटलं तं सुपारी फोडा, नाही तं चहा पेऊन जा."

मंडळी चहा पिऊन उठली. सुनेचे डोळे भरले. दारात चप्पल घालता घालता मुलाची आई मात्र थांबली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, त्या डाक्टरीणबाईचा नंबर द्या. आमच्याकडंबी दोघं तापानंच गेले."

मागच्या वर्षी आत्या गेली. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, "कशानं गेल्या?" शेलूबाजारहून सासूबरोबर आलेली पूजा डोळे पुसत म्हणाली, "म्हातारपणानं. तापानं नाही."