चव बघायची ड्यूटी

आबांच्या घशातली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरले, फक्त आबांचा नाही. सुभेदार म्हणून फौजेतून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, की हजर कधी व्हायचं. किरणांचे उपचार, ज्याला आमच्याकडे सगळे ‘लाईट’ म्हणतात, रोज घ्यायचे होते. म्हणून ऊस भावकीच्या हवाली करून आई-आबा कुपवाडला माझ्या दोन खोल्यांत राहायला आले. मी तिथल्याच एका कारखान्यात लेथवर काम करतो.

आल्या आल्या आबांनी घोळ घातला. सांगलीत दवाखान्यामागे एक संस्था आहे. ती बाहेरगावच्या कॅन्सरच्या पेशंटांची आणि त्यांच्या माणसांची फुकट राहायची सोय करते, आणि तिथलं रविवारचं जेवण कुठलं ना कुठलं घर देतं. आबा तिथल्या बाकावर जरा टेकले आणि उठताना दर रविवार आमच्या घराच्या नावावर करून आले. आम्हाला विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, आबा, पेशंट तुम्ही आहात, आपण जेवण घ्यायचं का द्यायचं? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुमान पिशव्या उचलून मंडई गाठली.

आईला मात्र चेव आला. आमच्याकडे पाहुण्याला फिकं वाढणं म्हणजे त्याला दारातून हाकलल्यासारखंच. तिनं गावाकडची कांदा-लसूण चटणी सढळ हातानं घालून अख्खा मसूर केला. वर तेलाचा लालभडक तवंग, बाजूला ठेचा. पंगत बसली आणि दोन घासांत निम्म्या पंगतीच्या डोळ्यांना धारा लागल्या. आईनंही पदर डोळ्यांना लावला. घरचं जेवण किती दिवसांनी मिळालं असेल बिचाऱ्यांना, असं मला म्हणाली आणि आग्रह करकरून पुन्हा वाढत सुटली. आमच्यात ‘नको’ म्हणणाऱ्याला एक पळी जास्त पडते, त्यामुळे कुणाची सुटका नव्हती.

शेवटी आटपाडीकडच्या एका बाईंनी तिचा हात धरला. त्यांच्याही तोंडाला लाईट चालू होती. म्हणाल्या, “आक्का, लय मायेनं केलंयसा. पण आमची तोंडं आतनं सोलल्यात. नुसतं मीठबी झोंबतंय.”

परत येताना रिक्षात आई रिकामं पातेलं मांडीवर धरून बाहेर बघत बसली. मला वाटलं, अपमान जिव्हारी लागला. पण तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. आबांनाही तीच लाईट चालू होती. तरी ते रोज तोच झणझणीत रस्सा घेऊन मागच्या पायरीवर बसायचे, वारा लागतो म्हणून, आणि ताट रिकामं करून ‘झकास’ म्हणत आत यायचे. वजन मात्र घसरतच होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की असंच चाललं तर लाईट मध्येच थांबवावी लागेल, नाकातून नळी घालावी लागेल. आम्ही दुखण्याला बोल लावत होतो. आणि आमच्या गल्लीतलं एक मरतुकडं कुत्रं त्याच दिवसांत चांगलं गुटगुटीत झालं होतं, याचा कुणी विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो तेव्हा आई मला घेऊन मागच्या खिडकीशी उभी राहिली. आबांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला आणि ताट कुत्र्यापुढं सरकवलं. कुत्र्यानं ते चाटूनपुसून खाल्लं आणि धावत जाऊन नळाखालच्या बादलीत तोंड घातलं. माझं टाळकं सरकलं. मी ओरडणार तेवढ्यात आईनं माझी बाही ओढली.

“गप. सारा जलम माज्या हातचं खाल्लंय. आता जळतंय म्हणायला त्यांची जीभ उचलत न्हाई.”

मग तिनं जे केलं ते मला सात जन्मांत सुचलं नसतं. फौजेतल्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात, आणि लंगरच्या गोष्टी आम्ही आबांकडून इतक्यांदा ऐकल्या होत्या, की आईनं तिथं अर्धी नोकरी केल्यासारखीच होती. संध्याकाळी मुगाची पातळ खिचडी वाटीत घेऊन ती त्यांच्यापुढं उभी राहिली.

“आवं, लंगरात जवानांच्या आदी चव कोण बघायचं?”

“ड्यूटीवरचा सुभेदार,” आबा ताठ बसले.

“मग बघा. रविवारी तितल्या माणसांना घालायचं हाय. खोटा रिपोर्ट द्याल तर त्यांचं हाल.”

बायकोच्या स्वयंपाकाला नाव ठेवणं आबांना जमलं नसतं, पण ड्यूटीवर खोटं बोलणं त्याहून जमलं नसतं. त्यांनी वाटी संपवली आणि रिपोर्ट दिला: जिरं टोचतंय. पुढच्या वाटीत जिरं नव्हतं. मग रविवारची तयारी रोजच होऊ लागली. दुधात भिजवलेली भाकरी, दुधीची खीर, तूप सोडलेला गुरगुट्या भात. चव बघायची वाटी हळूहळू वाडग्याएवढी झाली. रविवारी पंगतीत कुणी रडेना, आणि आटपाडीच्या बाई आता मागून घेऊ लागल्या. कुत्र्यानं दुसरी गल्ली धरली.

लाईट न थांबता पुरी झाली. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी वजनाचा काटा सावरलेला पाहून विचारलं, खाता तरी काय? आबा गंभीरपणे म्हणाले, खाणं कुठलं जातंय, मी नुसती चव बघतो. आईनं घाईघाईनं तोंड फिरवलं.

ती औषधं आणायला गेली तेव्हा आबा माझ्या कानाशी वाकले.

“लंगरात चव चमच्यानं बघत्यात रं. वाडग्यानं न्हाई.” घसा अजून बसलेलाच होता. “तिला बोलू नगोस. बंद करंल.”

मी हो म्हटलं. समोरून आई औषधाची पिशवी सावरत येत होती, आणि उद्या चवीला काय करू, हे तिनं लांबूनच विचारलं.