मुंढ्यातली गाठ

आमच्या मामंजींच्या हातचा कोट बाप घालतो आणि लेक फाडतो, असं गावात म्हणतात. गाव म्हणजे पुलाच्या अलीकडचं. पलीकडच्यांना कुणी विचारायला गेलेलं नाही.

मामंजी म्हणजे माझे सासरे. खाली शिंप्याचं दुकान, वर घर, मधे असा अरुंद जिना की कापडाचा तागा उभा धरूनच न्यावा लागतो. माणूस नाकावर माशी बसू न देणारा. माप देताना एखाद्याने पोट आत ओढलं की म्हणणार, "श्वास सोडा साहेब. कोट पोटाला शिवायचाय, अब्रूला नाही." मी सून, तीही फटकळ. आमचं दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं. घरातले बाकीचे आमच्या मधे पडत नाहीत.

दुकानात कामाच्या वाटण्या ठरलेल्या. आमचे हे मशीनवर पँटी शिवतात. काज-बटणं आणि अस्तर माझ्याकडे. बाही मुंढ्याला जोडायचं काम मात्र मामंजी कुणाला देत नाहीत. मुंढा म्हणजे खांद्यावरची ती गोल जागा, जिथे बाही येऊन बसते. तिथे ते हाताने टीप घालतात आणि शेवटी गाठ मारतात. ती गाठ पक्की तर बाही पक्की.

माझ्या लग्नाला वर्ष-दोन वर्षं झाली असतील. एक दिवस त्यांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "आता घरातली विद्या शिकून घे. पलीकडचं गिऱ्हाईक असलं की इथे गाठ मारायची नाही. दोरा नुसता आत दडवायचा. चार धुण्यांत बाही सुटते."

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत.

मग लढाईची गोष्ट सांगितली. मामंजी तेव्हा पाळण्यात. पलीकडच्यांचं सैन्य एक हिवाळाभर आमच्या गावात तळ ठोकून होतं. आजेसासऱ्यांना याच दुकानात बसवून त्यांच्या शिपायांचे कोट शिवून घेतले. बंदूक घेतलेला माणूस दारात उभा असायचा. आजेसासरे करणार काय, तर त्यांनी गाठी मारणं सोडलं. पुढे ऐन थंडीत भर चौकात शिपायांच्या बाह्या निखळायला लागल्या आणि सगळं गाव तोंडावर हात धरून हसलं. आजेसासऱ्यांना मारही पडला म्हणतात. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. तेवढ्या एका गोष्टीवर आमच्या घराण्याने तीन पिढ्या मान ताठ ठेवली.

पण लढाई संपली त्याला जन्म लोटला. कशासाठी झाली, विचाराल तर कुणाला धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं पाण्यावरून, कुणी म्हणतं पुलावरून. कोण जिंकलं, ते तुम्ही पुलाच्या कुठल्या बाजूला विचारता त्यावर आहे. शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद आहे आणि परीक्षेला तो येत नाही. चौकातल्या पुतळ्याखाली लोक सायकली लावतात. सुंभ जळला, पीळ तेवढा राहिला, आणि तो राहिला आमच्या दुकानात. शिपाई गेले, पण त्यांच्या नातवंडांचे कोट आमच्याकडेच येत राहिले, कारण पलीकडे शिंपी नव्हता. तिकडच्या शिंप्याचं दुकान त्याच लढाईत जळलं. ते कुणी जाळलं, हे आमच्या घरच्या गोष्टीत येत नाही.

पलीकडचा माणूस ओळखायला कष्ट नाहीत. बोलताना शब्दाचं शेपूट जरा लांबवतात. त्यांनी "नमस्कार" म्हटलं की मामंजींच्या हाताला कळायचं, गाठ नाही.

एकदा तिकडची एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीच्या शाळेच्या कोटाची बाही उजव्या मुंढ्यातून सुटली होती आणि पोरगी डाव्या हाताने ती धरून उभी होती. वर्गात पोरं हसली असणार, तोंडावरून दिसत होतं. मामंजींनी तिला स्टुलावर बसवलं, गोड बोलले, बाही लगेच शिवून दिली, फुकट. बाईने दहादा आभार मानले. त्या गेल्यावर मी विचारलं, "गाठ?" ते म्हणाले, "नाही."

मला त्यांची लाज वाटली. त्यांचं अन्न खाऊन त्यांचीच लाज वाटावी यासारखं वाईट काही नाही. मी एवढी फटकळ, पण त्या वेळी खाली मान घालून काज करत राहिले.

आणि मग आमच्या धाकटीने, म्हणजे माझ्या नणंदेने, पलीकडचाच मुलगा पसंत केला. पुलावरून बस नेणारा ड्रायव्हर. ही रोज त्याच बसने कामाला जायची. मामंजी म्हणाले, "मी मेल्यावर कर." धाकटी बापाच्याच वळणाची. ती म्हणाली, "मग थांबते. पण जेवणार नाही." तीन दिवसांत मामंजी वरमले. लेकीवर जीव होता त्यांचा. आई लवकर गेलेली, पोरीला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं त्यांनी केलं होतं.

होकार दिल्यावर ते मला म्हणाले, "जावयाचा कोट मी शिवणार." मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "अशी बघू नकोस. गाठ मारणार आहे. त्या लोकांची मी क्षमा मागायला हवी आणि तोंडाने ती मला मागता येणार नाही. माझी पोर त्या घरात राहायला जाणार आहे."

असा कोट त्यांनी उभ्या जन्मात शिवला नसेल. कापड स्वतः निवडलं, अस्तर दोनदा बदललं. मुंढ्याला बाही जोडायला बसले तेव्हा मी समोरच होते. टीप संपली आणि त्यांच्या हाताने दोरा सर्रकन आत दडवला. सवयीने. ते त्या जागेकडे बघत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "बघ, हात माझं ऐकत नाही." त्यांनी टीप पुन्हा उसवली, पुन्हा घातली, गाठ मारली, तिच्यावर आणखी एक मारली. कोट खुंटीला अडकवला आणि मला म्हणाले, "ओढ." मी दोन्ही हातांनी बाही ओढली. खुंटी हलली, बाही हलली नाही. पहिल्यांदाच मी त्यांना स्वतःच्या कामावर खूश झालेलं पाहिलं. कोट पलीकडे पाठवून दिला.

लग्न नोंदणीच्या कचेरीत झालं. लाकडी बाकं, एक कुरकुरणारा पंखा, दोन्हीकडची मोजकी माणसं, दोन भिंतींना पाठी लावून. कोट जावयाला असा बसला होता की कारकूनसुद्धा म्हणाला, "कुठे शिवला?" सह्या झाल्या. मामंजी पुढे झाले, जावयाला जवळ घेतलं आणि त्यांचा हात त्याच्या खांद्यावर थबकला. शिंप्याची बोटं ती. मी शेजारीच होते, मलाही दिसलं. मामंजी डावखुरे, त्यांचा टाका नेहमी एका बाजूला झुकतो. हे टाके दुसरीकडे झुकलेले होते.

पेढे-बिढे नव्हतेच, सगळे नुसता चहा घेत होते, तेव्हा मामंजी विहीणबाईंच्या शेजारी जाऊन बसले. मी कप घेऊन मागे उभी. त्यांनी हळूच विचारलं, "कोट मुंढ्यात घट्ट झाला होता का?"

विहीणबाईंचा चेहरा उतरला. साधी बाई, उगाच पदर सारखा करायला लागली. म्हणाली, "नाही हो. राग मानू नका. पलीकडून शिवून आलेला कपडा आम्ही घालायच्या आधी मुंढ्यात उसवतो आणि घरी पक्का शिवतो. आमच्याकडे पोरींना स्वयंपाकाच्या आधी हे शिकवतात."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. शाळेतल्या त्या पोरीच्या आईसारखी एखादी विसरायची, बाकी सगळ्या बायका आमचं पाप घरोघरी निस्तरत बसायच्या आणि पुन्हा आमच्याच दुकानात येऊन नमस्कार म्हणायच्या.

"पण या खेपेला गाठ होती," मामंजी म्हणाले.

"होती ना. दोन होत्या." विहीणबाईंचा आवाज आणखी खाली गेला. "त्यानेच तर मी घाबरले. म्हटलं, यांनी गाठ मारली, म्हणजे दुसरीकडे काहीतरी करून ठेवलं असणार. मग अस्तर उसवलं. खिसे उसवले. कॉलरही. काही सापडलं नाही, तेव्हा सगळं परत शिवलं. लेकाच्या लग्नाचा कपडा तो, आणि माझ्या मनात हे असलं. मला फार लाज वाटते हो."

मामंजींनी चहा खाली ठेवला. मला वाटलं आता चिडतील, त्यांच्या कामाला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. पण ते म्हणाले, "बरं केलंत. तुमच्या जागी मी असतो तर मीही उसवलं असतं."

"ठाऊक आहे," विहीणबाई म्हणाल्या. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

तेवढ्यात धाकटीने सगळ्यांना फोटोला हाक मारली. तो फोटो तिने पलीकडच्या घरात दाराजवळ लावलाय. त्यात ती दोघं हसतायत आणि मामंजी, विहीणबाई, मी, तिघंही जमिनीकडे बघतोय. धाकटी आली की अजून विचारते, तुम्हाला माझं लग्न खरंच पसंत नव्हतं का. मामंजी कातरी शोधायला उठतात. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते.