जहाजाची डावी बाजू

मी जहाजाची डावी बाजू उजवीकडे काढली. एवढी साधी चूक, आणि तीही शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईच्या हातून. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता हे खरं, पण डावं-उजवं कळायला समुद्र कशाला लागतो?

नातवंडं विचारतात, "आजी, पांढरकवड्यात पाणबुडी कुठून आली?" तुमच्या बापाच्या तोंडून आली, बाबांनो. तो तेव्हा कॉलेजात होता. एक दिवस ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "आई, मी नेव्हीची परीक्षा देऊन राह्यलो. पाणबुडीसाठी."

तव्यावरची पोळी करपली. कपाशीची ती वाईट वर्षं होती. पूर्वी हंगामात जिनिंग मिलच्या फाटकापासून हायवेपर्यंत कापसाच्या गाड्या लागायच्या. आता फाटकासमोर कुत्री ऊन खात पडलेली असत. आमचे हे त्याच जिनिंगच्या ऑफिसात हिशेब लिहायचे. पोरानं या गावातून निघावं, एवढंच माझं मागणं होतं. नागपूरकडे जावो की हैदराबादकडे. पाण्याखालून गेला तरी माझी हरकत नव्हती.

"पण त्यात कॅल्क्युलेटर चालत नाही," तो म्हणाला. "गोल चकती लागते, हातानं बनवलेली. तिच्यावरून काढा लागते का टॉर्पेडो कुठं मारायचा."

कॅल्क्युलेटर चालत नाही! मी तिथंच विरघळले. मुलींच्या दप्तरातून कॅल्क्युलेटर जप्त करणारी मी. मला वाटलं, या देशात एक तरी खातं शहाणं निघालं. फॉर्म कुठं आहे, परीक्षा कधी आहे, हे विचारायचं सुचलंच नाही. तेव्हाची ती मी आज भेटले, तर स्वतःलाच बेंचावर उभी करीन.

मुलानं कॉम्प्युटर क्लासमधून एक पुसट चित्र छापून आणलं. त्यावरून दिवाळीच्या सुट्टीत मी चकती बनवली. खाली पुठ्ठ्याचं मोठं वर्तुळ, त्याच्या कडेला तीनशे साठ अंश. त्यावर लहान वर्तुळ, त्यात समोरच्या जहाजाचं चित्र. त्याची डावी बाजू लाल, उजवी हिरवी. सर्वांत वर आपल्या पाणबुडीचा काटा. आपलं तोंड कुठं आहे आणि जहाज कुठं, कुठल्या बाजूनं दिसतंय हे जुळवलं की ते कुठं निघालंय ते कळतं. मग जहाज आहे तिथं नाही, थोड्या वेळानं जिथं असेल तिथं नेम धरायचा. मागच्या बाजूला वेग, वेळ आणि अंतर. त्यासाठी लॉग टेबल उघडलं, दोनचा लॉग तीनशे साठनं गुणला आणि एकशे आठ अंशांवर दोनची रेघ मारली. अशा सगळ्या रेघा. मी इतकी खूश होते की फराळाचे अनारसे विकत आणले.

पुठ्ठा लग्नपत्रिकांचा होता. काट्याला पारदर्शक काहीतरी हवं होतं, म्हणून सासूबाईंच्या खुब्याचा जुना एक्स-रे सोड्याच्या गरम पाण्यात घासून काढला. त्या बाजेवरून ओरडल्या, "माह्यी हाडं धुऊन राह्यली काय व?" मधोमध ब्लाउजचं टिचबटण ठोकलं आणि चकती फिरली.

मी ती दोघा बापलेकांसमोर ठेवली आणि म्हणाले, "घ्या. या घरात एक तरी वस्तू बिनचूक झाली."

ह्यांनी चकती उचलली आणि बराच वेळ फिरवून पाहिली. हिशेबाच्या माणसाला गोल गणिताचं कौतुक वाटलं असेल, असं मी समजले.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी मुलाला विचारायची, "काय म्हणते चकती?"

"एकदम भारी, आई. सर लोक पाहतच राह्यले."

आणखी एक सुख त्या दिवसांत मला लाभलं. ह्यांच्या शर्टांना कापसाची रुई चिकटेनाशी झाली. पूर्वी जिनिंगमधून आले की केसांत, भुवयांत, कॉलरमध्ये रुई. कपडे धुताना जीव जायचा. आता शर्ट सकाळी घातला तसा संध्याकाळी परत. मी त्याचं श्रेय नव्या साबणाला दिलं. शेजारणीलाही तोच घ्यायला लावला.

मग एका दुपारी शाळेत कवायतीचा तास माझ्याकडे आला. मुली समोर उभ्या. "डावा हात वर!" म्हणत मी स्वतःचा उजवा हात वर केला. मुलींसमोर तोंड करून उभी राहणारी बाई असंच करते, म्हणजे त्यांना आरशात पाहिल्यासारखं करता येतं. माझा हात वरच राहिला. जहाजाची डावी बाजू ही जहाजात बसलेल्या माणसाची डावी. मी मात्र जहाजाला वर्गातल्या मुलीसारखं समोर उभं केलं होतं आणि त्याच्याकडे तोंड करून रंग भरले होते. लाल हिरव्याच्या जागी, हिरवा लालच्या. त्या चकतीवरून सोडलेला प्रत्येक टॉर्पेडो भलत्याच पाण्यात जाणार होता, आणि माझा मुलगा माझ्यामुळे नापास होणार होता.

मुख्याध्यापिकेला डोकं दुखतं सांगून घरी आले. नवी चकती कापली, रंग नीट भरले, पर्समध्ये घातली आणि मुलगा परीक्षेच्या तयारीला जायचा त्या बस स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासवर गेले. पूर्वी तिथं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुकानदाराच्या थोरल्या मुलानं तिथं कॉम्प्युटर मांडले होते. मला पाहून तो दारातच आडवा झाला.

"मॅडम, आप? अभी बॅच चालू है."

"मुलाची चकती बदलायची आहे. त्याच्या परीक्षेची."

"परीक्षा?" तो डोकं खाजवू लागला. "वो चकती तो अभी काका के पास है."

"कोण काका?"

आतून आरडाओरडा ऐकू आला. "काका, थांबा, अजून वळलं नाही! काका, हाना आता!"

आत पडद्यावर निळा समुद्र होता. कॉलेजची पोरं घोळका करून उभी. मधल्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं टक्कल मला पाठीमागूनही ओळखता आलं. बाजूला मी सकाळी भरून दिलेला डबा, हातात माझी चकती. आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून माझा मुलगा.

"थांबा ना बे," हे म्हणाले. असा आवाज मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांनंतर ऐकला नव्हता.

जहाज फुटलं. पोरं नाचली. ह्यांनी हसत मान वळवली, आणि तसंच हसू तोंडावर राहिलं.

"ऑफिस?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीच बंद झालं. बोलावू तवा या म्हणाले मालक."

मी मुलाकडे पाहिलं.

"फॉर्म भरलाच नव्हता, आई," तो खाली बघत म्हणाला. "बाबा दिवसभर स्टँडवर बसून राहायचे. इथं आणलं, त त्यांना जमू लागलं. पण चकतीशिवाय नेम लागे ना. खेळासाठी मागतली असती, त तू देली असती काय?"

दिली नसती. पण ते त्याला कशाला सांगू? मी पर्समधून नवी चकती काढून टेबलावर ठेवली. "ही घ्या. ती चुकलेली आहे."

कोणी ती उचलली नाही. मग मला जुनी दिसली. लालवर बारीक अक्षरात 'उ' लिहिलं होतं, हिरव्यावर 'डा'. अक्षर ह्यांचं, हिशेबाच्या वहीतलं.

"पहिल्याच दिवशी समजलं होतं," मुलगा म्हणाला.

नवी चकती उचलून मी घरी आले आणि रडले. नवऱ्याचं काम गेलेलं, पोराची नेव्ही कधी नव्हतीच. आणि ही शहाणी रडत होती ती दोन रंगांसाठी. पोरांच्या घोळक्याला ठाऊक, रेडिओवाल्याला ठाऊक, माझ्या हातचं जेवणाऱ्या दोघांना ठाऊक. रोज संध्याकाळी मी "काय म्हणते चकती?" विचारायची, आणि ते दोघं एकमेकांकडे न पाहता जेवत राहायचे. खोटं बोलले याचा राग पुढे ओसरला. मला सांभाळून घेतलं, याचा अजून येतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सवयीनं हे दारात उभे राहिले, आणि मी सवयीनं डबा दिला. त्यात पोळीभाजी नव्हती. ती नवी चकती होती.

दुपारी हे उपाशी परत आले, डबा ओट्यावर ठेवला आणि पाटावर बसले. मी विचारलं, "बाकीचं जाऊ द्या. चूक दिसली तेव्हा तरी मले काहून नाही सांगतलं?"

ते म्हणाले, "सांगणार होतो व. पण आपल्या तिघांत तू एकटीच, जिथं जाते म्हणून सांगे तिथंच जात होती. तुलेही चुकली म्हणलं असतं, त मंग घरात बरोबर कोण राह्यलं असतं? आता पोळी वाढ."