पोटमाळ्यावरचा सर्व्हर

आमच्या साडूंइतका शिस्तीचा माणूस अख्ख्या परळात झाला नाही, आणि ज्यांना ते विक्षिप्त वाटतात त्यांच्याशी वाद घालायला मी आजही तयार आहे. निवृत्तीनंतर त्यांनी चाळीतल्या खोलीच्या पोटमाळ्यावर जुन्या संगणकाचा सर्व्हर उभारला आणि त्यावर चाळीतल्या रक्तदात्यांची यादी चढवली. इस्पितळांच्या या वस्तीत रोज कोणाला तरी रक्त लागतेच. संगणकाच्या पानावर हवा असलेला रक्तगट भरला, की त्यांनी लिहिलेला सर्व्हलेट, म्हणजे सर्व्हरवर बसून मागणीला उत्तर देणारा जावाचा छोटा प्रोग्रॅम, दात्याचे नाव सांगत असे. एक ओळ बदलली तरी ती लागू व्हावी म्हणून साडू सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करीत, तेही समोर बसूनच. "थांबा, तो जागा होतोय," ते शिडीवरून सांगत. खालून मेहुणी विचारी, "तो जेवणार आहे का? नसेल तर तुम्ही तरी उतरा."

या यंत्राने एका बाळंतिणीचा जीव धोक्यात घातला, असे चाळीत सांगतात. साफ खोटे! त्या दुपारी एकाच क्षणी दोन मागण्या आल्या: तिच्यासाठी ओ निगेटिव्ह, दुसऱ्या कोणासाठी बी पॉझिटिव्ह. सर्व्हलेट सगळ्यांसाठी एकच असतो, आणि मागितलेला गट साडूंनी त्याच्यातल्या सामाईक जागी ठेवला होता. ज्याचे नळ, जिना, गॅलरी जन्मभर सामाईक, त्याला ही जागा तरी वेगळी का वाटावी? दुसरी मागणी पहिलीवर बसली आणि बाळंतिणीच्या भावाला माझे नाव मिळाले. मी बी पॉझिटिव्ह. रक्तपेढीने अर्थातच मला परत फिरवले. मी साडूंना फोन केला. "चूक माझी. ठेवा फोन," साडू म्हणाले, आणि दुखरे गुडघे घेऊन चाळीतल्या एकमेव ओ निगेटिव्ह बाईंच्या शाळेत गेले, त्यांना भर वर्गातून उठवून घेऊन आले. मायलेकी सुखरूप आहेत. हकीगतीचा एवढा भाग मात्र कोणी सांगत नाही.

चाळीच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, "काका, बंद करा ते खेळणं." साडूंच्या आधी मी उठलो. "त्यांची चूक त्याच संध्याकाळी दुरुस्त झाली. तुमची गळकी टाकी कधी होणार?" सर्व्हर राहिला.

परवा मला पासष्ट पूर्ण झाली. त्यापुढे रक्त घेत नाहीत. साडूंनी खालच्या संगणकावर बसल्या बसल्याच माझ्या नावाची ओळ काढली. शिडी आता त्यांना चढवत नाही, म्हणून सर्व्हर पुन्हा सुरू करायला मी वर गेलो.

"उठला का हो, साडूभाऊ?" त्यांनी खालून विचारले.

मी तो अजून बंदच केला नव्हता.

"थांबा," मी म्हणालो.